गवताच्या गाडीवरचं लेथ

समुद्रावर, कुठेतरी
६ एप्रिल १९४५

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे, तूही असशील. तुझं पत्र आलेलं नाही. पण चौदा महिन्यांत एकदाही आलं नाही, तेव्हा आता त्याचं नवल वाटेनासं झालंय. इंगा मावशी लिहिते. तिच्या पत्रात कोंबड्या असतात, पाद्रीबुवांची सर्दी असते, आणि अगदी शेवटी एक ओळ असते, "आर्डिस बरी आहे, कामावर जाते." त्या एका ओळीसाठी मी कोंबड्यांची दोन पानं वाचतो.

मी कुठे आहे ते लिहायला बंदी आहे. जहाजावर आहे एवढं चालतं. आम्ही पायदळी जिवाचे सैनिक, आणि राहतो पाण्यावर. खलाशी आमच्याकडे बघून हसतात. फरशी म्हटलं की खेकसतात, "डेक म्हण." जिना म्हटलं की, "शिडी म्हण." आमचा मास्टर सार्जंट बिडवेल म्हणून आहे, टेनेसीचा, आधी त्याचं पोट येतं आणि मग तो. तो म्हणतो, पन्नास वर्षं फरशीला फरशी म्हणून माझं काही अडलं नाही, आता हे तरंगतं पिंप मला भाषा शिकवणार काय? पहिले दोन आठवडे मी नुसता ओकत होतो. आता डब्यातलं मांस आणि अंड्याची भुकटी बिनतक्रार पचते. मावशीला सांग, तिच्या हातचे गरम लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, आठवले की मात्र तो डबा मी बाजूला सरकवतो.

माझं इथे चांगलं चाललंय. दुसरा टर्नर होता, त्याला कावीळ झाली म्हणून किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेला, तेव्हापासून लेथ माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे. पहिल्या दर्जाचा टर्नर म्हणतात मला. कागदावर तसं लिहिलंय ना. कागदावर ते कसं आलं ते तुला... असो.

एक गंमत विचारायची आहे. वेळ जात नव्हता म्हणून कोडं सुचलं. समज, आपल्या ओलाफ नायगार्डने गवताच्या गाडीवर लेथ बसवलं. तो बसवेलही, घोड्यांना करमावं म्हणून तबेल्यात रेडिओ लावणारा माणूस तो. गाडी अंगणात रिकामी उभी असताना त्याने पाणसळ ठेवून लेथ सपाट केलं, बुडबुडा बरोबर मधोमध. मग गाडी रस्त्याला लागली, तिच्यावर ओझं चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. आता ओलाफ लेथवर काहीही कापायला घेतो, तर एक टोक जाड निघतं आणि दुसरं बारीक. इंचाच्या हजाराव्या भागाची गोष्ट, पण त्याच्या कामात तेवढंही खपत नाही. बिचारा रोज सकाळी पाणसळ लावतो, बुडबुडा मधोमध आणतो, आणि रोज माल कालच्यापेक्षा वाईट निघतो. गिऱ्हाइकं खोळंबली आहेत, आणि त्यांची यंत्रं म्हणजे काही मक्याची कापणीयंत्रं नव्हेत. ओलाफने काय करावं?

तू म्हणशील, ओलाफने ज्याला कळतं त्याला आधीच विचारायला हवं होतं. खरं आहे. सगळे त्याला मोठा कारागीर समजतात, म्हणून तो तिथे कुणाला विचारूही शकत नाही.

नाही उत्तर दिलंस तरी मी समजेन. पण दे, ताई.

तुझा
ऑर्लिन


समुद्रावर, तिथेच
९ मे १९४५

प्रिय ताई,

तुझा कागद मिळाला. वर "प्रिय" नाही, खाली "तुझी" नाही, सहा वाक्यं आणि सही. मला पाठ झाली आहेत.

ओलाफची गाडी चालली! चालली म्हणजे काय, उधळली! मी आज दोन इंच उंच झालोय. जास्त लिहीत नाही, कारण आमचे लेफ्टनंट केसलर माझं पत्र तुझ्या आधी वाचतात. मला बोलावून त्यांनी विचारलं, हा ओलाफ नेमका कुठल्या पलटणीत आहे? मी म्हटलं, साहेब, तो शेतकरी आहे आणि थोडा चक्रम आहे. ते म्हणाले, तुझं वर्णन वाचून मला वाटलंच तसं.

युरोपातली लढाई संपल्याचं काल कळलं. आमची चालू आहे. एक मोठी गोष्ट सांगायची राहिली आहे, ती मी सांगणार आहे. आज नाही.

ऑर्लिन


सायपन बेट
२३ सप्टेंबर १९४५

प्रिय आर्डिसताई,

नमस्कार. आता बेटाचं नाव लिहिता येतं, हे बघ, सायपन, सायपन, सायपन. लढाई संपली आणि पत्रं तपासणंही बंद झालं. हे पत्र फोडणारी पहिली तूच असशील. गेले तीन दिवस मी त्यामुळेच पेन घेऊन नुसता बसतोय. केसलरसाहेब वाचणार म्हणून लिहीत नाही, हा बहाणा चांगला होता. तो गेला.

आधी जहाजाचं सांगतो. मालवाहू जहाज हे. आधी त्याच्या पोटात सिमेंट आणि गव्हाची पोती असायची. मोबील बंदरात त्याचं पोट मोकळं करून त्यात विमानदुरुस्तीचा अख्खा कारखाना बसवला. एका कप्प्यात लेथ आणि ड्रिल, एकात पत्र्याचं काम, एकात रेडिओ, आणि एका बंद खोलीत घड्याळजी लोक विमानाची मापकं उघडून बसलेले. वर डेकवर फळ्यांचा चौथरा आहे, त्यावरून हेलिकॉप्टर उडतं. बेटावरच्या विमानाचा भाग बिघडला की हेलिकॉप्टर तो घेऊन येतं, आम्ही दुरुस्त करायचा किंवा नवा घडवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीआधी परत पाठवायचा. बेट जिंकून चार दिवस झाले की तिथे कारखाना कोण बांधणार? म्हणून कारखानाच पाण्यावरून चालत येतो. मला याचा अभिमान आहे, ताई. असलं काम आमच्याआधी कुणी केलं नसेल.

एप्रिलात बेटावर आठ बी-२९ विमानं नुसती उभी होती. त्यांची चाकं खाली उतरवणाऱ्या दांड्यात एक पोलादी बुश असतो, मुठीएवढा. तो झिजला की चाक अर्ध्यावर अडकतं. एक विमान तसंच पोटावर उतरलं होतं. त्यातली दोन माणसं गेली. नवे बुश अमेरिकेहून यायला दोन महिने लागणार होते, तेव्हा जहाजाला सांगितलं, तुम्ही करा. जहाजाने मला सांगितलं.

आणि माझा प्रत्येक बुश एका टोकाला जाड निघत होता.

चूक काय होती ते तुला केव्हाच कळलंय, पण मला लिहू दे. आम्ही जमिनीवरची माणसं. मोबीलला रिकाम्या जहाजात पाणसळ ठेवून लेथ बसवलं आणि तेच धरून बसलो. जहाज भरलं, निघालं, तेल संपत गेलं, तसा त्याचा सांगाडा पिळत गेला आणि त्याच्याबरोबर लेथही पिळलं. मी रोज पाणसळ लावून ते आणखी पिळत होतो. एक म्हातारा खलाशी दारात उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "समुद्रात पाणसळ लावणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." सगळे हसले, मीही हसलो. त्याने मला फुकटात उत्तर दिलं होतं, ते माझ्या डोक्यावरून गेलं. बिडवेल इंजिनवाला, लेथ त्याचा प्रांत नव्हे. तो रोज खराब बुश पिंपात टाकायचा आणि माझ्या राज्याच्या नावाने हाक मारून विचारायचा, "काय रे आयोवा, तुझे हात आजारी आहेत का?"

मग तीन मेला तुझा कागद आला. "गाडी सपाट आहे की नाही याला किंमत नाही. लेथ पिळलंय. जाड सळई एका टोकाला धर, दुसरं टोक मोकळं सोड. दोन्हीकडे हलका काप घे आणि मोज. फरक दिसला तर लेथच्या शेपटाकडच्या पायाखाली पातळ पत्रा घाल, फरक जाईपर्यंत. ओझं हललं की पुन्हा बघ. आर्डिस."

मी त्याच दुपारी सळई लावली. फरक ढळढळीत दिसला. पत्रा घातला, उलट्या पायाखाली, माझ्या स्वभावाप्रमाणे. काढला, दुसऱ्या पायाखाली घातला. तिसऱ्या कापाला दोन्ही टोकं सारखी! मायक्रोमीटर मी बिडवेलच्या हातात दिला. त्याने एकदा मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं आणि मला म्हणाला, आता बोलू नकोस, काप.

आमच्या जहाजावर एक रिवाज आहे. उड्डाणातल्या नाजूक भागाला ज्याने हात लावला, त्याने पहिल्या चाचणीला विमानात बसायचं. बिडवेलचाच नियम. तो म्हणतो, तपासणीचा शिक्का मारण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आठ मेला मी अकरा माणसांबरोबर वर गेलो. वैमानिकाने चाकं आत घेतली. बेटाला दोन फेऱ्या मारल्या. मग त्याने बटण दाबलं आणि खालून घरघर सुरू झाली, आणि ताई, मी देवाचं नाव घेतलं नाही, तुझं घेतलं. एक हिरवा दिवा लागला. दुसरा लागला. तिसरा यायला जरा वेळ लागला, तेवढ्यात मी म्हातारा झालो. मग तोही लागला. चाकं जमिनीला टेकली तेव्हा शेपटीतला तोफवाला मला मिठी मारून नाचायला लागला, आणि मी त्याच्यापेक्षा जास्त नाचलो.

त्या विमानांनी पुढे कुणाच्या गावांवर काय टाकलं ते आता वर्तमानपत्रात येतंय, आणि ते वाचून मी ताटावरून उठतो. हेही लिहून ठेवतो. पण त्या दिवशी माझ्यासमोर अकरा जिवंत माणसं होती आणि ती चालत खाली उतरली.

खाली कर्नलसाहेब उभे होते, आणि बिडवेल, केसलरसाहेब, निम्मं जहाज. कर्नलांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "पोरा, ही युक्ती शिकलास कुठे?"

उत्तर तयार होतं. "वडिलांकडून, साहेब." अर्धं खरंही होतं. बाबांनी मला शिकवायचा जिवापाड प्रयत्न केला आणि मी बेसबॉल खेळायला पळालो. तुला त्यांनी शिकवलं नाही, तू कोपऱ्यात झाडू घेऊन बघत बघत शिकलीस. मी तोंड उघडलं, ते "वडिलांकडून" म्हणायलाच.

म्हणालो, "माझ्या बहिणीकडून. आणि साहेब, ज्या नमुन्यावर मला पहिला दर्जा मिळाला, तोही तिनेच केलेला होता."

मग मी सगळंच सांगितलं. त्रेचाळीस साली भरतीच्या तपासनिसाने माझ्या हातच्या कामाचा नमुना मागितला. आपल्या लेथच्या दुकानात फळीवर फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली तुझी गट्टू-कडी होती, तू लेथवर कापलेला पोलादी गट्टू आणि त्याच्या नेमक्या मापाची कडी, गट्टू कडीत घातला की आरपार उजेड दिसत नाही आणि ओढला की बाटलीच्या बुचासारखा आवाज येतो. मी ती उचलली, तपासनिसापुढे ठेवली, आणि "मी केली" म्हटलं. त्याने तीनदा ओढून आवाज ऐकला.

कर्नल केसलरसाहेबांकडे वळले. बिडवेलनेच तोंड उघडलं. "म्हणजे अमेरिकेच्या सैन्याने टॉर्व्हिकांच्या घरातून चुकीचं माणूस उचललं." पहिल्यांदा वैमानिक हसला, मग सगळेच.

हसण्यावर नेलं म्हणून सुटलो असं समजू नकोस. माझ्या बाहीवरच्या हुद्द्याच्या दोन फिती गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या. लेथवरून मात्र हटवलं नाही. बिडवेल म्हणाला, खोटारडा असलास तरी आता तूच एक आहेस, आणि मी तुझ्या मानेवर बसणार आहे. तो खरंच बसला. त्या चार महिन्यांत मी जेवढं शिकलो तेवढं बाबांच्या दुकानात बारा वर्षांत शिकलो नव्हतो. आठही विमानं उडाली. त्यानंतरची मी मोजली नाहीत.

आणि आता हे ऐक, कारण हे तुझं आहे. ती चाचणीची सळई बिडवेलने लेथशेजारी टांगली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव घातलं, "आर्डिस". तेव्हापासून नियम झाला. सकाळी पहिला काप घ्यायच्या आधी, जहाजात तेल भरलं की, वजन हललं की, कुणी ना कुणी ओरडतं, "आर्डिस फिरवली का?" नवा माणूस आला की त्याला पहिला प्रश्न हाच. आमच्यासारखीच जहाजं आणखी दोन बेटांजवळ उभी आहेत. जूनमध्ये त्यातल्या एकाकडून बिनतारी संदेश आला, "आर्डिस या उपकरणाचा आराखडा ताबडतोब पाठवा." केसलरसाहेबांनी उत्तर दिलं, "आर्डिसचा आराखडा नाही. मूळ प्रत आयोवात आहे." तो संदेश मी मागून घेतला, सोबत जोडला आहे.

आता जे जहाजाला सांगितलं नाही ते.

त्या कर्नलांना वाटलं, मी फळीवरची एक वस्तू उचलली. मी वस्तू उचलली नव्हती. तू ती सहा रविवार बसून कशासाठी केलीस ते मला माहीत होतं. नदीपलीकडच्या काडतुसांच्या कारखान्यात तुला सोमवारी बोलावलं होतं, टर्नरच्या जागेसाठी, हातचा नमुना घेऊन. मी शनिवारी ती घेऊन गेलो. मला सोमवार माहीत होता, ताई. विसरलो होतो असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. बाईमाणसाला ते कुठे लेथवर उभं करणार आहेत, असं मनाशी म्हणालो आणि गाडीत बसलो. तू रिकाम्या हातांनी गेलीस, त्यांनी तुला खोकी भरायच्या बाकावर बसवलं, आणि तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो, हेही तुला ठाऊक असणार.

आणि तरीही तू त्या सहा ओळी लिहिल्यास. कोडं ओलाफचं नाही हे तुला पहिल्या वाक्यालाच कळलं असेल. तू गप्प बसली असतीस तरी कुणी तुला दोष दिला नसता, मी तर नाहीच. शेपटीतला तोफवाला टेक्ससचा आहे, त्याला जुलैत मुलगी झाली. तिचं नाव मी तुला सांगायची गरज आहे का?

सोबत कर्नलसाहेबांच्या सहीचं पत्र आहे. ही पद्धत मिस आर्डिस टॉर्व्हिक यांची, तिच्यावर आठ विमानं परत आकाशात गेली, असं त्यात टाइप केलेलं आहे. तुला असल्या कागदाची गरज नाही. ज्यांना आहे त्यांच्या टेबलावर तो आपट, आणि माझ्या वाटणीचं एकदा जास्त आपट. कारखाने आता बंद होतील, बायकांना आधी घरी पाठवतील, हे इथेही सगळे बोलतायत. तेव्हा मला एक सुचवायचं आहे. बाबांचं बंद पडलेलं दुकान उघड. तू उघड. दारावरची पाटी उतरव, तिच्यावर "टॉर्व्हिक आणि मुलगा" लिहिलंय आणि त्यातला मुलगा त्या पाटीला कधी लायक नव्हता. नव्या पाटीवर तुझं एकटीचं नाव घाल. मला ठेवून घेतलंस तर मी तुझ्या हाताखाली काम करीन, आणि कोणी विचारलं की हे कुणी केलं, तर खरं तेच सांगेन. नाही ठेवलंस तर दुसरीकडे काम बघेन आणि तिथेही तेच सांगेन. माफी मी मागतोय, पण तिच्यावर काही अडवून ठेवू नकोस. दुकान उघड.

डिसेंबरात घरी पोचेन. स्टेशनवर यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

एवढंच राहिलं. गावात तुला सगळे "ऑर्लिनची बहीण" म्हणायचे, दुकानात तू समोर उभी असलीस तरी. इथे मेपासून मला माझ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. स्वयंपाकी, खलाशी, कर्नलसुद्धा, सगळे मला एकाच नावाने ओळखतात. आधी चिडवायला म्हणायचे. आता नुसतं म्हणतात. फिती गेल्या त्याचं मला काही वाटलं नाही, पण हे नाव घेऊन मी घरी येतोय, आणि ते कुणी काढून घेतलेलं मला चालणार नाही. म्हणून सहीही तीच करतो.

आर्डिसचा भाऊ